वरच्या बायांची कर्णफुलं

दागिना बघून त्याचं वजन न विचारणारी बाई साऱ्या मावळात तेव्हा एकच होती, आणि ती माझी आत्या होती. लग्नघरात शिरली की ती नवरीचा हात धरून तिला उजेडात न्यायची, पाटली उलटीसुलटी करून बघायची आणि सगळ्यांदेखत निकाल द्यायची, "सोनं लय हाय, पन वळण न्हाई." तिला येताना बघून वरमाया पदर पुढे ओढून घेत.

दोष तिच्या सासरचा. भाज्याच्या लेण्यांखालीच तिचं घर. शेरडं घेऊन ती रोज वर जायची आणि दगडात कोरलेल्या बायकांच्या कानांकडे, दंडांकडे, पायांतल्या जाड तोड्यांकडे बघत बसायची. तोवर शेरडं खाली कुणाच्या तरी वालाच्या शेतात शिरलेली असत. त्या मूर्तींना ती 'वरच्या बाया' म्हणे, अगदी शेजारणींविषयी बोलावं तसं. एकदा फोटो काढायला आलेल्या साहेबाच्या मडमेच्या कानातला बारीक खडा बघून ती कळवळली, "एवढी उंच बाई, आन् कानात मोहरी!" साहेबाला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. त्याने टोपी काढली.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा मात्र गंमत राहिली नाही. कर्णफुलं आत्याकडून यायची होती. वडगावच्या म्हाताऱ्या सोनाराने घडवलेला जोड तिने परत केला, दुसराही परत केला. सोनार चिडला, वडील चिडले, हळद तोंडावर आली. शेवटी आत्याने बैलगाडी जुंपायला लावली आणि सोनाराला तीत घालून थेट लेण्यांकडे आणलं. मीही बरोबर होतो. चढण चढताना म्हातारा आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कुरकुरत होता.

वर पोचल्यावर तो मूर्तींच्या अगदी जवळ गेला. आत्याने दाखवलेल्या कर्णफुलावरून त्याने हळूच अंगठा फिरवला. एका पाकळीखालून दुसरी अशी निघाली होती, की जणू आत्ताच उमलली असावी.

"दगुड हाय का लोणी?" तो पुटपुटला. मग अंगठा थांबला. "अक्का, हितनं फुटलंय. म्होरलं कसं हुतं, कुनाला ठावं?"

"म्हून तर तुमास्नी आनलं, आबा. त्या पाथरवटानं अर्धं करून ठिवलंय. म्होरलं तुमी करा."

म्हाताऱ्याने पहिल्या पाकळीपासून पुन्हा अंगठा फिरवायला सुरुवात केली.

हळदीच्या सकाळी तो स्वतःच जोड घेऊन आला. आत्या तो घेऊन अंगणात गेली. आम्ही सगळे दारात उभे. तिने पाकळ्या निरखल्या, फुटक्या जागेनंतर सोनाराने आपल्या मनाने घातलेली वेल निरखली.

"व्हय," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. सोनार मटकन ओट्यावर बसला आणि त्याने पाणी मागितलं.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली, सोनारही गेला. पण बहिणीच्या कानातली फुलं बघून पुढच्या कितीतरी नवरीमुलींनी तशीच मागून घेतली. परवा तळेगावच्या बाजारात वांगी निवडणाऱ्या एका मुलीच्या कानात ती दिसली. तिला थांबवून सगळं सांगावं असं फार वाटलं. मी शब्द जुळवतोय तोवर मैत्रिणीने तिला हाक मारली, आणि ती हसत हसत गर्दीतून पुढे निघून गेली.