साडूंचं पांढरं पान

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फटक्यात पास केली नाही, आणि त्या वस्तूंत मीही येतो. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या कुरुळीच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बायकोच्या देखत निकाल दिला, "चालंल. थोडं रीवर्क लागंल." चाकणकडच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासनीस म्हणून काढली. निवृत्तीबरोबर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. शर्टाच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर कायम. भाकरी एका कडेला जाड लागली की तो बाहेर निघे. एका लग्नात त्यांनी डुगडुगणाऱ्या खुर्च्या वेचून मांडवाच्या कोपऱ्यात रचल्या, आणि त्या भरात नवरदेवाच्या मामांनाही उठवलं. मामा पंगत बसेपर्यंत उभेच होते. कुणी चिडलं तर साडू शांतपणे म्हणत, "पडल्यावर कळण्यापरीस आदी कळलेलं बरं, राव."

हा माणूस मान खाली घाली तो फक्त थोरल्या भावासमोर, अण्णांसमोर. वडील लवकर गेले आणि अण्णांनी स्वतःची शाळा सोडून धाकट्याला शिकवलं. म्हातारपणी अण्णांना विसर पडायला लागला, इतका की ते भावालाच विचारत, "तू कोणाचा रे?" साडू त्यांच्या सदऱ्याची बटणं लावता लावता सांगत, "तुमचाच." दिवसातून दहा वेळा विचारलं तरी उत्तर तेच, आणि आवाजात वैताग नाही. मला हे पाहून नवल वाटे, कारण आम्हाला काहीही दुसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती.

एका सकाळी अण्णा घरातून निघून गेले. तक्रार नोंदवून झाली, मोटारसायकली काढून आम्ही भोसरीपासून काळेवाडीपर्यंत सगळं पालथं घातलं. मी म्हटलं, अण्णांचा फोटो आहे माझ्या फोनमध्ये, सगळ्या ग्रुपवर टाकून देतो. साडूंनी हात आडवा केला. कारखान्यात बदल होण्याआधीचं एखादं जुनं ड्रॉइंग मशीनपाशी राहून गेलं की त्यावरून बनलेला अख्खा लॉट वाया जातो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. "फोटो एकदा सुटला की आपल्या हातात ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "उद्या कळलं अंगात दुसरा सदरा हाय, तर कुणाकुणाला सांगत फिरणार? कागद एकच पायजे, आपल्या ताब्यातला. बदल झाला की तिथंच करायचा." निवृत्तीनंतर त्यांनी एका क्लासात नातवाच्या वयाच्या पोरांमध्ये बसून वेबपेज करायला शिकून घेतलं होतं. त्याच दुपारी त्यांनी पान तयार केलं: अण्णांचा फोटो, निळा सदरा, उजव्या भुवईवरचा व्रण, आपला नंबर. घरातल्या कॉम्प्युटरवर आणि दोन्ही मुलांच्या नव्या फोनवर उघडून पाहिलं, पास केलं, आणि सगळीकडे फक्त लिंक पाठवली. माझ्याकडचा अण्णांचा फोटो मी फोनमध्येच ठेवला.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी कळवलं, काका, पान नुसतं पांढरं दिसतंय. साडू फणकारले, "फोन तपासा तुमचा." मग त्यांनी माझा जुना फोन घेतला, लिंक दाबली आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी एक वही आखली. फोन कोणता, ब्राउझर कोणता, दिसतं की नाही. कंपनीच्या बसची वाट बघणारे कामगार, भाजीवाल्या, रिक्षावाले, सगळ्यांना ते फोन उघडायला लावत. सलूनमध्ये तोंडाला फेस लावून बसलेल्या गिऱ्हाइकालाही त्यांनी सोडलं नाही. नव्या ब्राउझरवर पान दिसे, जुन्यांवर दिसत नसे. मग ते कोड अर्धा काढून बघत, उरलेल्याचा पुन्हा अर्धा, आणि प्रत्येक वेळी माझ्या फोनवर पांढरं. पाचव्या दिवशी दुपारी दोष सापडला. क्लासात शिकवलेली एक नव्या पद्धतीची ओळ होती. जुन्या ब्राउझरला ती समजत नव्हती, आणि तिथंच अडून तो पुढचं काहीच दाखवत नव्हता. साडूंनी ती ओळ काढली. माझ्या फोनवर अण्णा दिसले. मला वाटलं आता तरी हसतील, पण ते हळूच म्हणाले, "तपासायला मी समदे नवेच नमुने घेतले, राव."

लिंक पुन्हा सगळीकडे गेली, आणि तासाभरात दिघीहून एका गॅरेजवाल्याचा फोन आला. हे चाचा तीन दिवस आपल्या दुकानासमोर बाकड्यावर बसायचे, तो म्हणाला. आपल्याला वाटलं, इथलेच कुणाचे तरी असतील. चहा दिला की घ्यायचे. काल फार ताप होता, म्हणून रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पोचवलं. आम्ही तसेच धावलो. अण्णा त्याच दिवशी पहाटे गेले होते.

दहाव्याला तो गॅरेजवाला आला. मनात ठेवणारा माणूस नव्हता. "लिंक मला तवाच आली होती," तो साडूंना म्हणाला. "चाचा समोरच बसले होते. मी उघडली, पांढरं आलं. म्हटलं नेट गेलं असंल." साडूंनी मान हलवली. दोष त्याच्याकडे जाऊ नये म्हणून त्यांनी त्याचा हात हातात घेतला, आणि मग विचारलं, "काय बोलत व्हते का?"

"जास्त नाही. म्हणायचे, धाकटा भाऊ न्यायला येणार आहे. सगळं तपासून बघतो, म्हणून त्याला उशीर होतो. पण येतो."

साडू तिथंच खाली बसले. साठी उलटलेला तो माणूस लहान मुलासारखा रडला आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मला माझी लाज वाटत होती. फोटो माझ्याजवळ होता, एक बोट दाबायचं होतं, आणि मी साडूंच्या धाकाने गप्प बसलो. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना ठाऊक असणार, पण त्यांनीही कधी विषय काढला नाही. हल्ली ते संध्याकाळी मला फोन करतात. काम काही नसतं. "जेवला का?" विचारतात, मी हो म्हणतो, आणि मग बोलायला काही नसताना आम्ही दोघेही बराच वेळ फोन ठेवत नाही.