दहा पावलं पुढे

नंदा रस्त्याकडेच्या प्रत्येक स्कूटरपाशी थांबते, आरशात वाकून बघते आणि टिकली नीट करते. ती चाळिशीची आहे, पण गोष्टी तिला सावकाश समजतात, म्हणून वसतिगृहात राहते. दर रविवारी मी तिच्याबरोबर फिरायला जाते, मैत्रीण म्हणून. तरी मी कायम दहा पावलं पुढे, घड्याळ बघत उभी. जायचं असतं फक्त बागेपर्यंत. मग ही घाई कसली, ते मलाही सांगता येत नाही. घरी बसले तरी पाय हलतच असतो.

आज बागेत ऑफिसातल्या जोशीबाई भेटल्या.

“या कोण?”

“वसतिगृहात असतात. रविवारी मी यांना फिरवून आणते.”

जोशीबाईंनी माझं कौतुक केलं. नंदा शेंगा सोलत बसली. मैत्रीण म्हणायला माझी जीभ का अडली, हे परतताना सलत राहिलं आणि मी आणखीच भरभर चालू लागले.

वसतिगृहाच्या फाटकाशी वॉचमनकाकांनी विचारलं, “काय नंदाताई, कुठे जाऊन आलात?”

नंदानं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

“हिला फिरवून आणलं,” ती म्हणाली. “हिला एका जागी थांबताच येत नाही.”