जहाजावर पाठवायचे धपाटे

वारा पडला. हुसेनसागरावरच्या शर्यती एक दिवस पुढे गेल्या. शिडाच्या होडीवाल्यांना वाऱ्याशिवाय काय काम? तेवढ्यात नल्लकुंट्यातल्या एका मराठी घरून आम्हा चौघांना जेवायचं बोलावणं आलं. अनोळखी माणसांकडे कशाला, म्हणून मी कुरकुरले. पण घरचं जेवण म्हटल्यावर गप्प बसले.

यजमान काका निवृत्त सरकारी नोकर, पिढ्यान्पिढ्यांचे हैदराबादी. त्यांनी आधी चारमिनार, चौमहल्ला दाखवला आणि जिथं तिथं आमची ओळख करून दिली, "हे जहाजावरचे लोक." चहावाल्यालासुद्धा! हा माणूस आपली थट्टा करतोय की काय, मला कळेना. आमची होडी दोन माणसांची, तीही मिनिटात उलटणारी.

घरी पोचताना जिन्यातच काकांनी मुलाचं सांगितलं. तो मालवाहू जहाजावर आहे आणि दिवाळीपासून त्याचा फोन नाही.

"काय करायलाय तिकडं, देव जाणे. पण समुद्रात फोन लागत नाही की. हौ की नै?" ते मलाच विचारत होते.

आता काय बोलायचं? आजकाल भर समुद्रातून लोक घरी तास तास बोलतात. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बाकीचे तिघे चप्पल काढायचं निमित्त करून खाली वाकले, मेले कुठले!

"आमच्या होडीत तरी नाही लागत," मी म्हटलं. खोटं नव्हतं. आम्ही फोन किनाऱ्यावरच ठेवतो.

"बघ, मी काय म्हणत होतो?" काका केवढे खूश झाले.

जेवण फक्कड होतं. बगारा वांगी, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी, वर ताक. पण काका जेवेचनात. जहाजावर झोपता कुठं, ताजं खायला मिळतं का, एकामागून एक प्रश्न. आम्ही जहाजावरचे नाही, हे मी दोनदा सांगितलं. ते "हौ, हौ" म्हणाले आणि म्हणाले, मुंबईच्या बंदरात त्याचं जहाज लागलं की डबा पोचवा. तुमचं जाणं-येणं असतंच. मी तर पुरती गोंधळले. नाही म्हणावं तर त्यांचा चेहरा बघवेना.

डबा घ्यायला स्वयंपाकघरात गेले. काकूंनी दार लोटून घेतलं.

"तुम्हीच खा, पोरी. त्याचा फोन लागतो. मला येतो, दर रविवारी, हे देवळात गेले की. यांच्याशी बोलायचं नाही म्हणतो."

"मग काकांना सांगत का नाही?"

"काय सांगू?" त्यांनी पदरानं डब्याचं झाकण पुसलं. "धपाटे त्यांनी थापलेत. पहाटे उठून. मला हात लावू दिला नाही."

मी डबा उचलला. बाहेर आले तर काका जिन्याशी उभे.

"त्याला म्हणावं, गरम करून खा."

"हो काका," मी म्हटलं, "सांगते."