वैद्याने काढलेली खोडी

प्रज्योतला मनापासून शिव्या देणारे या जगात आम्ही तिघंच होतो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. थंडी लागली की हाडं ठणकायची आणि मग थेट हॉस्पिटल.

त्यामुळे गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या त्याच्या घरात त्याच्यावर कधी कोणी आवाज चढवला नाही. शाळेत सरही मारायचे नाहीत. दहावीला गणितात नापास झाला, तर आईने शिरा केला.

"शिरा, वं! नापास झाल्यावर!" हे तो इतक्या रागाने सांगायचा की मला हसू आवरायचं नाही.

कॉलेजात असताना आमच्यातल्या सौरभने नेटवरून एका खेळाचे नियम आणले. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. योद्धा, जादूगार, चोर, वैद्य.

त्याला लागणारा वीस बाजूंचा फासा गोंदियात कुठे मिळणार? हाऊजीच्या आकड्यांतले एक ते वीस काढून पिशवीत टाकले. मोठा आकडा निघाला की जमलं, छोटा निघाला की फसलं.

दर रविवारी दुपारी, प्रज्योतच्याच घरी.

सौरभ गोष्ट सांगायचा. मी योद्धा. तौफिक जादूगार.

प्रज्योतला म्हटलं, "तू वैद्य हो. मागे राहशील, सेफ."

"सेफ घरी आहोच ना मी. मी चोर."

या खेळात खोडीसुद्धा पात्राप्रमाणे असते. मी योद्धा, म्हणजे उघड्या दारालाही लाथ. तौफिक जादूने राजाची दाढी हिरवी करून टाकायचा. पण चोर आपल्याच माणसांचे खिसे कापतो.

राक्षस समोर उभा, आणि माझं म्यान रिकामं!

"अबे चोट्ट्या, तलवार दे!"

मी ओरडले की याचा चेहरा खुलायचा.

मग एका हिवाळ्यात तो फार आजारी पडला. नागपूरला ॲडमिट. परत आला तेव्हा शर्ट अंगात लोंबत होता.

त्या रविवारी त्याने पुन्हा माझी तलवार चोरली.

"असू दे रे, ठेव तुझ्याकडेच," मी म्हणाले.

तौफिकने तर आपली कांडी स्वतःच पुढे केली.

प्रज्योतने कांडी घेतलीच नाही. मग म्हणाला, "मले वैद्य करा."

आम्हाला बरंच वाटलं. आता दमणार नाही बिचारा.

पुढच्याच लढाईत मी जखमी होऊन पडले. तौफिक शेवटचे श्वास मोजत होता. औषध फक्त वैद्याकडे.

प्रज्योत आरामात पाणी प्यायला.

"देतो ना. पयले तौफिकनं कोंबडा बनावं."

"अबे, मर रहा हूँ मैं!"

"मंग लवकर बन."

तौफिक खरोखर कान धरून कोंबडा झाला. सौरभ पोट धरून हसत होता.

"आता आठवून राहिलो, कोठी ठेवलं होतं औषध..."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. चोराची खोडी खिशापुरती असते, ही तर जिवावरच आली होती. मी त्याला जे जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तौफिकने आकड्यांची पिशवी फेकून मारली.

प्रज्योत भिंतीला टेकून हसत होता. डोळ्यांत पाणी.

"हां. अशा द्या ना शिव्या! मी का काचेचा हाव?"

त्या दिवसानंतर आम्ही कोणीच त्याला सांभाळून बोललो नाही. तो शेवटपर्यंत वैद्यच राहिला. इतका नालायक वैद्य कुणाला मिळू नये.

गेल्या वर्षी फोन आला आणि आम्ही मुर्रीला पोचलो. अंगणात माणसं. पांढऱ्या कपड्यात तो, आणि उशाशी त्याची आई.

मला वाटलं, काकू रडत असतील.

त्या त्याला खांदे धरून हलवत होत्या.

"ऊठ म्हटलं ना! कोनाले विचारून गेला रे? काऊन असा केला? मार खाशील आता!"

शेजारच्या बाया त्यांचे हात धरायला लागल्या. "नको वं बाई, लेकराले नको रागवू."

तौफिक दारातून रडत रडत ओरडला, "मत रोको! डाँटने दो उनको!"

बाया बाजूला झाल्या. काकू बोलत राहिल्या, आवाज बसेपर्यंत.

फार लवकर गेलास, नालायका.

जय भीम.