भोंग्यातली कौसल्या

जागेश्वर मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरातला. हातमाग बंद पडल्यावर तो नागपुरात आला आणि जरीपटक्यात, आमच्या गल्लीत, भाजीचा ठेला ढकलू लागला. गळा असा, की हाक दिली की बाया गॅलरीत यायच्या.

मग गल्लीत येणाऱ्या दुसऱ्या भाजीवाल्याने, ताराचंदने, आपल्या ठेल्याला भोंगा लावला. एकदा आवाज भरला की दिवसभर तेच वाजतं. त्याने भरलं, "खाईल जो पालक, होईल विमानाचा चालक!" पोरं ते म्हणत फिरू लागली आणि जागेश्वरची जुनी गिऱ्हाइकं ताराचंदकडे वळली.

जागेश्वरच्या पोटात दुखू लागलं. त्यानेही भोंगा आणला. पण त्याला यमक सुचेना. डोक्यात पालक आणि चालकच घुमायचे.

एका सकाळी त्याने बटण दाबलं. "ताजे ताजे वांगे, जागेश्वर खरं सांगे..."

शेजारी मेथी निवडत बसलेली बायको, कौसल्या, म्हणाली, "काहून वरडून राहिले जी? वांगे का बहिरे हायेत?"

"चूप वं! भरून राहिलो."

"मंग खरं सांगा ना. कालचे वांगे खाली लपवले तुमी. अर्ध्या भावात देऊन टाका, बाया का अंधळ्या हायेत?"

त्याने रागाने बटण बंद केलं आणि न ऐकताच ठेला काढला.

गल्लीत ते सगळं भांडण घुमलं. तो बटण चाचपडतोय तोवर गॅलऱ्या भरल्या होत्या. समोरची भैरवी ओरडली, "काका, कालचे वांगे दाखवा ना!" दुपारपर्यंत ठेला रिकामा.

दुसऱ्या दिवशी त्याने हट्टाने फक्त स्वतःचं यमक भरलं. कोणी बाहेर आलं नाही. भैरवीने तेवढं विचारलं, "काका, काकू रुसल्या का?" भाजी तशीच घरी परत आली.

"उद्या थोडं बोल वं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"आणि तुमचं यमक?"

"राहू दे मधात. लहानसं."

तेव्हापासून कौसल्या रोज नवं बोलते. किडकी भेंडी, गल्लीतली म्हैस, नवऱ्याचं घोरणं, जे हाताशी येईल ते. गल्ली हसते आणि जागेश्वर तोंड पाडून तराजू धरतो. "मी इतका विचार करतो, अन् हे मेथी निवडता निवडता बोलून जाते. मले काहून नाही सुचत?" त्याने मला एकदा अगदी कळवळून विचारलं.

परवा ताराचंदच भोंगा घेऊन दारात आला. "वहिनी, मलेही एक भरून द्या ना."

कौसल्या हात पुसत उठली. जागेश्वर आडवा आला. "तुह्या घरी बायको नाही का गा?"

"हाय ना. पण तिचं बोलणं लोकाइले ऐकवण्यासारखं नाही."

कौसल्या खळखळून हसली. जागेश्वरच्या यमकाला ती इतकी कधीच हसली नव्हती. त्याने दार लावून घेतलं.