तातेरावांच्या ताब्यातला दगड

हैदराबादेत तारनाक्याला राज्य सरकारच्या एका भूशास्त्र संस्थेत तातेराव एकतीस वर्षं दगड कापत होते. दगडाची इतकी पातळ चकती काढायची की तिच्यातून पलीकडचं दिसावं, हे त्यांचं काम. चकती जमली की नाही, हे ते ती वर्तमानपत्रावर ठेवून ठरवत. मथळा वाचता आला तर ठीक. स्थळांच्या जाहिरातीतली जन्मतारीख वाचता आली, तर चकती साहेबांकडे जाई.

त्यांची मुलगी सखू याच संस्थेत संशोधन करत होती. २०१४ च्या मे महिन्यात ती चार विद्यार्थ्यांबरोबर इटलीच्या डोंगरात गेली. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रातले बहुतेक जीव एकदम मेले, त्याचा पुरावा तिथल्या खडकात आहे. पार्वतीबाईंनी सोबत जवसाची चटणी दिली होती. सखूने येताना त्याच डब्यातून ड्रिलने काढलेला दगड आणला. बरोबर चाळीस सेंटिमीटर लांब, लाटण्याएवढा जाड. डब्यात मावेना म्हणून झाकण दोरीने बांधलेलं.

"बाबा, ही काळी रेष बघा. हिच्या खाली सगळे शिंपले. वर कोणीच नाही."

"सगळे गेले?"

"जवळजवळ सगळे."

रेष दोन मिलिमीटरची. तिच्यातले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं, हाच सखूचा प्रबंध. रेष गेली की प्रबंध गेला.

"दगड सोमवारी नोंदवू," सखू म्हणाली.

"आजचं काम आज," म्हणत तातेरावांनी तो त्याच शुक्रवारी, तीस मेला, साठा रजिस्टरात चढवला. लेकीने परदेशातून आणलेला दगड, तोही स्वतःच्या अक्षरात. बापाला धीर कुठला?

सोमवारी राज्याचे दोन तुकडे झाले. तोवर रजिस्टरात जे जे चढलं होतं ते अखंड राज्याची मालमत्ता ठरलं आणि लोकसंख्येप्रमाणे वाटायचं झालं: आंध्रला ५८.३२ टक्के, तेलंगणाला ४१.६८. संस्थेच्या खुर्च्या वाटून झाल्या, घड्याळं वाटून झाली, मग यादीत दगड आला.

समितीत दोघं होते. आंध्रचे अप्पाराव आणि तेलंगणाच्या वाट्याला आलेले आपले जामबागचे भगवंतराव. दगड उभा चिरला तर त्याच्या चिरफळ्या होतील, हे दोघांनाही मान्य झालं. आडवा कापायचा ठरला. अप्पारावांनी खालच्या टोकापासून पट्टी लावून तेवीस सेंटिमीटर तीन मिलिमीटरवर खडूने खूण केली. खूण नेमकी काळ्या रेषेवर पडली.

"नीचे का हिस्सा हमारा," अप्पाराव म्हणाले. "ऊपर तो कुछ हैच नै."

"मग आम्ही ओसाड भाग घ्यायचा का?" भगवंतराव उसळले. "शिंपले आम्हालाही पाहिजेत!"

कापणारा माणूस निःपक्षपाती हवा, असं परिपत्रक होतं. असा एकच निघाला. तातेराव हैदराबादेत वाढले, शिकले, पण आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून जन्म बिलोलीचा. बिलोली तर १९५६ लाच हैदराबाद राज्यातून निघून तिसऱ्याच राज्यात गेलेली. त्यामुळे त्यांच्या फॉर्मवर आंध्र की तेलंगणा हा रकाना कोरा होता. दोन्हींतलं कुठलंच राज्य त्यांना आपलं म्हणत नव्हतं, आणि आता तीच लायकी ठरली.

तातेरावांनी यंत्र सुरू केलं. दारात सखू उभी होती. तातेरावांनी यंत्र बंद केलं.

"साहेब, एक विचारू? हे पातं तीन मिलिमीटर दगड खातं."

"तो क्या?" अप्पारावांनी विचारलं.

"तेवढ्याचा चिखल होतो. रेष दोन मिलिमीटरची, म्हणजे रेष सगळी चिखलात. तो चिखल कोणाच्या वाट्याला लिहू?"

"तोल के बाँट देव," अप्पाराव म्हणाले.

"हौ साहेब. पण त्यात पाणी पण असतंय. पाणी कोणाचं धरायचं?"

पाण्याचं नाव निघताच अप्पारावांनी खडू खिशात घातला. कृष्णेच्या पाण्यावरून दोन राज्यांत आधीच जे चाललं होतं, त्यात भर घालायची हिंमत दोघांतही नव्हती. भगवंतरावांनी चहा मागवला. चहानंतर प्रकरण दिल्लीला कळवायचं ठरलं. तोपर्यंत दगड अखंड, कुलपात, निःपक्षपाती माणसाच्या ताब्यात. कापायला बंदी. पाहायला बंदी करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

सखूने निःपक्षपाती माणसाच्या देखत तीन वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रेष पाहिली. प्रबंध झाला, तिथेच शिकवायची नोकरीही लागली. तातेरावांना मात्र राज्य मिळालं नाही. राज्य मिळालं तर माणूस निःपक्षपाती उरत नाही आणि दगड बेवारशी होतो, असा शेरा दरवर्षी पडे. राज्य नाही म्हणून बढती नाही; ते हेडअटेंडंट व्हायचे राहिले.

"दगडापायी तुमचं सगळं अडलं," पार्वतीबाई म्हणत.

"अडलं कुठं? मी आणि तो, दोघं अखंड आहोत."

निवृत्तीच्या दिवशी दिल्लीचं उत्तर आलेलं नव्हतं. भगवंतराव हार घेऊन आले, पण त्यांचं लक्ष किल्लीकडे.

"आता तिसऱ्याच राज्यातला माणूस कुठून आणू, तातेराव?"

तातेरावांनी सखूकडे पाहिलं. सखूने पार्वतीबाईंकडे.

"माझं पण पहिलं बाळंतपण माहेरीच झालं," पार्वतीबाई म्हणाल्या. "कुंडलवाडीला. बिलोलीच्या शेजारीच. सखू तिथलीच."

भगवंतरावांनी हार तातेरावांच्या गळ्यात घातला आणि किल्ली सखूच्या हातात दिली. सखूने पावतीवर सही केली. तारीख घालताना ती थांबली.

"सोमवारची घालू का, बाबा?"

"घाल," तातेराव म्हणाले. "काय घाई आहे?"