सवंग मालिकेचा आवाज

"लोकं हसून मोकळी झाली, आन् माझं वाक्य आजून तोंडातच हाय," दत्तूकाका हेडफोन काढत म्हणाले. "बाय, लांब झालंय हे. काप."

काचेच्या अलीकडे निलेशने रेकॉर्डिंग थांबवलं. मी स्क्रिप्टवर नजर टाकली. काकांचं बरोबर होतं. मूळ इंग्रजीत एकच शब्द होता, माझ्या मराठीत सात.

मी डबिंगसाठी संवाद लिहिते. परदेशी मालिकेतली माणसं मराठी बोलू लागतात, तेव्हा ते मराठी कुणीतरी आधी लिहिलेलं असतं. आधी मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, मग या कामात आले. काम अवघड असतं ते ओठांमुळे. पडद्यावरच्या माणसाचं तोंड जेवढा वेळ हलतं, तेवढ्याच वेळात मराठी वाक्य बसावं लागतं. याला लिप-सिंक म्हणतात.

पण जुन्या ब्रिटिश सिटकॉममध्ये ओठांपेक्षा मोठी अडचण असते. या मालिका बऱ्याचदा समोर प्रेक्षक बसवून शूट केलेल्या. त्या प्रेक्षकांचं हसणं साउंडट्रॅकमध्येच मिसळलेलं असतं. आमच्याकडे संवाद काढून टाकलेला ट्रॅक येतो. त्यात संगीत, दार आपटल्याचा आवाज आणि हे हसणं राहतं. ते पुसता येत नाही. म्हणजे हसू आधीच ठरलेलं, विनोद नंतर लिहायचा. तो जमला नाही, तर टीव्हीतले लोक खो खो हसतात आणि घरातला माणूस नुसता बघत बसतो.

निलेशचा स्टुडिओ रेवदंड्यात आहे. नारळ-सुपारीच्या वाडीतल्या घराच्या दोन खोल्या त्याने गाद्या आणि फोम लावून बंद केल्यात. पत्र्यावर नारळ पडला की टेक वाया जातो, बाकी सगळं ठीक. त्या वेळी मुंबईच्या एका ओटीटी कंपनीने आम्हाला दोन ब्रिटिश सिटकॉमचे एकेक एपिसोड पाठवले होते. दोन्हींचं मराठी सॅम्पल करायचं आणि मराठी प्रेक्षकाला कुठली चालेल यावर लेखकाने, म्हणजे मी, एक नोट द्यायची. निवड एकीचीच होणार होती.

पहिली मालिका एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयातली. तिथला क्लार्क कुणाशी धड बोलत नाही, पण बोलतो ते धारदार. दुसरी समुद्रकाठच्या एका कॅरव्हॅन पार्कमधली. चाकांवरची घरं सुट्टीत भाड्याने देतात, तसली जागा. तिचा मालक जाडा, गर्विष्ठ, आणि दर एपिसोडला कुठेतरी पडणारा. कधी त्याची पँट फाटते, कधी तो इन्स्पेक्टरसमोर सांडपाण्याच्या खड्ड्यात जातो.

सॅम्पलसाठी दोन्हीकडे मुख्य आवाज दत्तूकाकांचाच घेतला होता. काका तळा तालुक्यातल्या एका गावातले. रोह्याच्या कंपनीत नोकरी केली, शिमग्यात सोंगं काढली, गावच्या नाटकांत लोकांना लोळवलं. आवाजामुळे डबिंगमध्ये आले. तीस वर्षांत त्यांनी वॉचमन, हवालदार, व्हिलनचा दोन नंबरचा माणूस, बोलणारं अस्वल असं सगळं केलं. मुख्य भूमिका एकही नाही. सॅम्पल पसंत पडलं, तर पूर्ण मालिकाही त्यांच्याचकडे जाणार होती. पण ती फक्त दुसरी, कॅरव्हॅन पार्कची. वाचनालयातला क्लार्क तरुण होता. त्यासाठी कंपनीला मुंबईचा ओळखीचा आवाज हवा होता. हे मला माहीत होतं.

अडलेला सीन वाचनालयातला होता. एक गरोदर बाई पुस्तक परत करायला येते. क्लार्क वर न बघता तारखेचा शिक्का पाहतो आणि मुदत टळल्याचा तो एक इंग्रजी शब्द उच्चारतो, 'ओव्हरड्यू'. पुस्तकालाही लागू, बाईलाही. यावर प्रेक्षक अकरा सेकंद हसतात. मी अंगणात दोन फेऱ्या मारून आले आणि लिहिलं, "दिवस भरलेत."

काकांनी ते एका टेकमध्ये दिलं, कोरडं, जसं हवं तसं. निलेश खुर्चीतच उसळला. मी स्वतःवर खूश झाले. काका मात्र पाणी पीत उभे होते.

"नाही आवडलं?" मी विचारलं.

"चांगलंच हाय. पन हे ऐकून मानूस हसतो ना, तवा त्याला विनोदाचं हसू येत न्हाय. आपल्याला कळलं, ह्याचं येतं."

"मग त्यात वाईट काय? आणि खड्ड्यात पडलेल्या माणसाला हसण्यात काय शहाणपण?"

"शहानपन कशाला पायजे हसायला?"

हा वाद आमचा जुना. मी म्हणायचे, पडणं, पादणं, पँट फाटणं याला लिहिणारा लागतच नाही, आणि त्यात कुणाची तरी फजिती असते. हुशार विनोद प्रेक्षकाला बरोबरीचा मानतो. काका म्हणायचे, फजिती तर तुझ्या हुशार विनोदातही आहे, फक्त ती समोरच्याला कळत नाही, म्हणजे जास्तच वाईट.

दुपारी कॅरव्हॅन पार्कचा सीन लागला. खड्ड्याच्या कडेला, इन्स्पेक्टरसमोर, मालकाचा पाय घसरतो. संवाद काहीच नाही, फक्त आवाज. काकांनी तीन वेळा केला, तिन्ही वेळा वेगळा. मग म्हणाले, "पडन्याच्या आदी त्याला कळतं, आता आपन जानार. तरीबी तो साहेबाकडं बघून हसायचा प्रयत्न करतो. तेवढ्यात हाय सगळं. पडला का संपलं." चौथा टेक घेतला. मी हसले. हसायचं नाही असं ठरवूनसुद्धा हसले.

त्या दिवशी त्यांचा आवाज घोगरा लागत होता. गेले काही महिने तसाच होता. निलेश म्हणाला, "काका, मालकासाठी हाच ठेवा, भारी वाटतोय." आम्हाला वाटलं भूमिकेत रंग भरतायत.

आठवड्याने मी नोट लिहिली, ती निलेशने सॅम्पलबरोबर पाठवली. दीड पान. पहिल्या मालिकेतली भाषा, माणसांनी मनातलं न बोलणं, त्यातून येणारा विनोद, यावर मी मन लावून लिहिलं. दुसरीबद्दल चार ओळी. त्यातली एक मला पाठ आहे: "ही मालिका सवंग आहे, आजचा मराठी प्रेक्षक याच्या पुढे गेला आहे." आजचा मराठी प्रेक्षक म्हणजे कोण, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याखेरीज दुसरं नाव देता आलं नसतं.

नोट लिहिताना काकांचं काम जाईल हे डोक्यात आलं होतं. आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी स्वतःला सांगितलं, मत हे मत असतं, त्यात ओळखपाळख आणायची नाही.

कंपनीच्या मिताली मॅडमचा दोन दिवसांत मेल आला. वाचनालय फायनल. "सुपर्ब नोट," असं खाली होतं.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. काकांची बायको मला सहसा फोन करत नाही.

"बाय, ह्यांना मुंबईला दाखवलं. घशात गाठ हाय. डॉक्टर म्हनतात आवाजाची पेटीच काढायला लागंल. पुढल्या महिन्यात आपरेशन. ह्यांचं म्हननं, त्याच्या आदी ती खड्ड्यातली मालिका करून टाकतो. काम कवा लागतंय, येवढं इचारायला सांगितलंय."

मी म्हणाले, विचारून सांगते.

सकाळी मितालीला फोन लावला. म्हटलं, मला नोट बदलायची आहे. दुसऱ्या मालिकेला मी न्याय दिला नाही.

"पण मॅम, तुमच्याच नोटवर आम्ही डिसिजन घेतला. इतकं छान आर्ग्यू केलं होतं तुम्ही."

"दोन्ही करता येतील का? निदान एक सीझन?"

"दुसरीचे राइट्स आम्ही होल्डवर ठेवले होते, ते काल सोडले. आता दुसरं कुणीतरी घेईल. काही प्रॉब्लेम झालाय का?"

मी खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "सो सॉरी. मला आधी माहीत असतं तर..." तिला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

वाचनालयात एक म्हातारा वाचक आहे. थंडीत हीटरजवळ बसायला मिळावं म्हणून रोज येतो. प्रत्येक एपिसोडमध्ये त्याची दोन-तीन वाक्यं. ती भूमिका काकांना द्यायला मिताली लगेच तयार झाली. ते सांगायला मी फोन केला.

"आन् ती दुसरी?" काकांनी विचारलं.

"ती नाही घेतली त्यांनी."

"कोनी ठरवलं?"

"क्लायंटनं," मी म्हणाले.

"बरं."

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात ते एसटीने आले. सहा एपिसोडची सगळी वाक्यं एका दिवसात घ्यायची होती. एकूण सोळा. एरवी दीड तासाचं काम. आवाज मध्येच तुटायचा, मग कोमट पाणी, दहा मिनिटं थांबणं, पुन्हा टेक. माझी वाक्यं बारीक विनोदाची होती, शब्दांवर खेळणारी. काकांनी एकही शब्द बदलायला सांगितला नाही. एरवी दर ओळीला भांडणारा माणूस. मला ते भांडण हवं होतं.

संपल्यावर निलेश म्हणाला, "काका, कॅरव्हॅनचं सॅम्पल आहे आपल्याकडे. अख्खा एपिसोड नीट करून ठेवूया? आपल्यापुरता."

काकांनी मान हलवली. "कोन बघनार न्हाय तर घसा कशाला झिजवू?" चप्पल घातली आणि रिक्षाची वाट बघत फाटकात उभे राहिले. मी बाजूला उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. मी एवढंच म्हणाले, "एसटी मिळेल ना?"

ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला. काका आता गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेतात, त्यावर जाळीचं फडकं असतं. यंत्र लावून बोलता येतं म्हणतात. काकांनी ते लावून पाहिलं आणि काढून ठेवलं. तो आवाज त्यांना पसंत पडला नाही.

सात महिन्यांनी मी त्यांच्या गावी गेले. वाचनालयाची मालिका तोवर आली होती. दोन ठिकाणी चांगलं लिहून आलं, माझ्या संवादांचं नाव झालं. पाहिली फार लोकांनी नाही. पुढचा सीझन मराठीत होणार नाही, असं मितालीने कळवलं होतं. दुसरी मालिका कुठल्याशा चॅनलने घेतली, मराठी केली, आणि ती जोरात चालली. मालकाला आवाज पुण्याच्या एका तरुण नटाचा होता.

काका पडवीत बसले होते. बारीक झाले होते, पण तब्येत बरी होती. हातात शाळेतली असते तशी पाटी. त्यांनी लिहिलं, "ये. प्रवास ठीक झाला का?"

बोलताना काका कधी असं बोलले नसते. पाटीवर ते शुद्ध लिहितात. हाय, न्हाय, व्हय हे सगळं आवाजाबरोबर गेलं.

काकूंनी चहा दिला आणि टीव्ही लावला. "ह्यांची वेळ झाली," म्हणाल्या. कॅरव्हॅन पार्क सुरू झालं. मला उठून जावंसं वाटलं. मालक नव्या पाहुण्यांसमोर टेबलावर चढून भाषण देत होता. टेबलाचा पाय वाकत होता. मी पडद्याकडे न बघता काकांकडे बघत होते.

मालक पडला. टीव्हीतले लोक हसले. काकू हसल्या. काकाही हसले. डोळे बारीक झाले, खांदे हलले, हात मांडीवर आपटला, आणि आवाज काहीच नाही. गळ्यापाशी जाळी नुसती आत-बाहेर होत होती. काकूंना सवय झाली असावी, त्या चहाचे कप उचलत होत्या.

एपिसोड संपला. मी म्हणाले, "काका, ही मालिका क्लायंटनं नाकारली नव्हती. मी नाकारली. नोट माझी होती. सवंग आहे असं लिहिलं मी."

त्यांनी पाटी पुसली. "माहीत आहे. निलेशने दाखवली. रेकॉर्डिंगच्या दिवशी, आधीच."

म्हणजे ती सोळा वाक्यं त्यांनी नोट वाचल्यावर दिली होती.

"तुम्ही काही बोलला नाहीत."

त्यांनी लिहिलं, "चांगली लिहिली होतीस. पटली नाही."

मी माफी मागितली. नीट जमली नाही. त्यांनी हातानेच 'पुरे' अशी खूण केली. मग बराच वेळ टीव्हीवरच्या जाहिराती बघत राहिले. मी निघायला उठले, तेव्हा त्यांनी पाटी पुन्हा पुढे केली. मला वाटलं, पुण्याच्या त्या मुलाच्या चुका काढल्या असतील. काकांचा तो हक्क होता.

लिहिलं होतं, "त्याचा आवाज चांगला आहे. जपायला सांग."

मी त्या नटाचा नंबर मिळवून निरोप दिला. तो म्हणाला, "थँक यू मॅम, कोण होते ते?" मी सांगितलं, एक डबिंग आर्टिस्ट.

अजूनही कंपन्या माझ्याकडून नोट मागतात. हुशार विनोद मला आजही जास्त आवडतो, त्यात फरक पडलेला नाही. फक्त मत लिहायच्या आधी मी एक फोन करते आणि विचारते, आवाज कोण देणार आहे. उत्तर ऐकून मत बदलतंच असं नाही. पण मग कुणी विचारलं, कोणी ठरवलं, तर माझं नाव सांगते.